‘ध’चा ‘मा’ : सार्वजनिक संदेशांच्या वाटेतील अडथळे

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेले व्याख्यान)



‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो, मग ते घर पुण्यात असो, इंदुरात असो, बडोद्यात असो वा आणखी कुठे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना धाडलेल्या पत्रात मूळ शब्द ‘धरावे’ असा होता, आनंदीबाईंनी त्यातील ‘ध’ खोडून तेथे ‘मा’ लिहिला आणि एका अक्षराने एका तरुण पेशव्याचा प्राण घेतला, असे परंपरा सांगते. त्या पत्राच्या खरेखोटेपणाची छाननी हा इतिहासकारांचा विषय. भाषेने मात्र त्या कथेतून एक शिकवण उचलली आणि अडीचशे वर्षे जपली : संदेश बिघडतो, कारण वाटेत कोणीतरी तो बिघडवतो.

ही शिकवण खरी आहे, पण अपुरी आहे. सार्वजनिक संदेशांच्या बाबतीत, म्हणजे वृत्तपत्र, आकाशवाणी, दूरचित्रवाणी आणि आता भ्रमणध्वनी यांवरून एकाच वेळी लक्षावधी लोकांपर्यंत जाणाऱ्या संदेशांच्या बाबतीत, पुष्कळदा कोणतीही आनंदीबाई नसते. सांगणाऱ्याचा हेतू स्वच्छ असतो, वाटेत कोणी अक्षरही खोडत नाही आणि तरीही ‘धरावे’ निघालेले ‘मारावे’ होऊन पोहोचते. हे कसे घडते आणि कशाने टळते, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांमध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शोधनिबंधात संदेशाचा उगम, प्रेषक, मार्ग, ग्राहक आणि अंतिम मुक्काम असा सरळ आराखडा आहे. मार्गात जे नको ते मिसळते, त्याला त्याने ‘गोंगाट’ म्हटले. दूरध्वनीवरची खरखर, रेडिओवरची घरघर हा त्याचा गोंगाट. संदेशाच्या अर्थाशी अभियंत्याला कर्तव्य नाही, हे शॅननने आरंभीच स्पष्ट केले होते. त्याचे काम तारेपुरते होते आणि ते त्याने असे चोख केले की आजची सारी दळणवळणयंत्रणा त्याच पायावर उभी आहे. तारेतली खरखर जवळजवळ नाहीशी झाली. काश्मीरमधला आवाज कन्याकुमारीत शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येतो. परंतु तार जेथे संपते तेथे माणूस सुरू होतो, आणि माणसातला गोंगाट अजून तसाच आहे.

त्यातला पहिला अडथळा शब्दांचा. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेत शिकलेल्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. हिंदी प्रदेशात ‘शिक्षा विभाग’ ही पाटी प्रथम वाचणारे मराठी मूल दचकते, कारण त्याच्या भाषेत शिक्षा म्हणजे छडी. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदी आणि बंगालीत तीच चेष्टा म्हणजे प्रयत्न. हिंदीतला संसार म्हणजे जग, मराठीतला म्हणजे घरातली भांडीकुंडी आणि मुलेबाळे. गुजरातीत ‘आपघात’ म्हणजे आत्महत्या आणि मराठीत ‘अपघात’ म्हणजे दुर्घटना. एका कानामात्रेच्या फरकाने घरात येणारी बातमी किती निराळी होईल, याची कल्पना करावी. या शाळेच्या मुलांना एक फायदा मात्र लहानपणीच मिळतो. ओळखीचा वाटणारा शब्द ओळखीच्याच अर्थाने आला असेल असे नाही, हे त्यांना अनुभवाने कळते.

परंतु हा अडथळा दोन भाषांमध्येच असतो असे समजू नये. तो एकाच भाषेतही असतो, फक्त तेथे तो दिसत नाही. पावसाळ्यातील हवामानाच्या बातम्यांचे उदाहरण घेता येईल. ‘तुरळक ठिकाणी पाऊस पडेल’ हे वाक्य ऐकणाऱ्याला वाटते की पाऊस हलका असेल. हवामानशास्त्राच्या परिभाषेत ‘तुरळक’ हा शब्द पावसाच्या जोराविषयी काहीच सांगत नाही. एखाद्या विभागातील एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या थोड्या ठिकाणी तो मुसळधारही असू शकतो. ‘यंदा पाऊस सरासरीइतका’ या वाक्याचेही तसेच. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत संपूर्ण देशावर पडणाऱ्या पावसाची दीर्घकालीन सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर धरली जाते आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस पडला की तो हंगामाचा हिशेब ‘सरासरीइतका’ ठरतो. हा आकडा साऱ्या देशाचा आहे. मेघालयात धो धो कोसळून आणि मराठवाडा कोरडा राहूनही तो साधता येतो. शेतकरी मात्र ते वाक्य स्वतःच्या बांधावर उभा राहून ऐकतो, त्याच्या भरवशावर पेरणी करतो आणि पुढे पाऊस दडी मारून बसला की ‘वेधशाळा खोटे बोलली’ असे म्हणतो. वेधशाळा खोटे बोललेली नसते आणि शेतकऱ्यानेही चुकीचे ऐकलेले नसते. एकाने शब्द शास्त्राच्या कोशातून उचललेला असतो, दुसऱ्याने तो शिवाराच्या कोशात शोधलेला असतो. पुढच्या खेपेस मात्र अचूक इशाऱ्याकडेही तो पाठ फिरवतो, आणि खरे नुकसान तेथे होते.

दुसरा अडथळा याहून खोल आहे. तो शब्दांत नसतो, ऐकणाऱ्याच्या स्मरणात असतो. भारतातील पोलिओ निर्मूलनाचा इतिहास हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

१९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. संदेश अगदी सोपा होता : पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाला दोन थेंब. अमिताभ बच्चन यांच्यासारख्या अभिनेत्याच्या आवाजात तो घरोघरी पोहोचला. न समजण्यासारखे त्यात काहीच नव्हते. तरीही २००२ साली देशात पोलिओचे सुमारे १,६०० रुग्ण आढळले आणि त्यांतील बहुसंख्य एकट्या उत्तर प्रदेशातले होते. राज्याच्या पश्चिम भागातील अनेक वस्त्यांत लस देणारे पथक दिसले की दारे बंद होत. या थेंबांनी मुले पुढे वांझ होतील, लोकसंख्या कमी करण्याचा हा सरकारी डाव आहे, अशी वदंता तेथे पसरली होती.

दूर बसून या वदंतेला अडाणीपणा म्हणणे सोपे होते आणि आरंभी बहुतेकांनी तेच केले. परंतु ती आकाशातून पडलेली नव्हती. आणीबाणीच्या काळात, १९७६–७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील कित्येक धाकदपटशाने झाल्या. ज्यांना तेव्हा पकडून नेले ते लोक पंचवीस वर्षांनी आजोबा झाले होते. सरकारी गाडी, सरकारी पथक, हातात औषध आणि ‘हे तुमच्याच भल्याचे आहे’ हे वाक्य त्यांनी पूर्वी एकदा पाहिले-ऐकले होते. त्यातच एक रास्त प्रश्न मिसळला. तापाने फणफणलेल्या मुलासाठी ज्या दवाखान्यात औषध मिळत नाही, त्याच सरकारचे लोक कोणी न बोलावता, फुकट, पुन्हा पुन्हा हे थेंब घेऊन दारात का येतात? या प्रश्नाला जाहिरातीत उत्तर नव्हते, कारण जाहिरातीला कान नसतात. शंकेचे समाधान न करता तोच संदेश अधिक मोठ्या आवाजात पुन्हा सांगितला गेला, आणि आवाज जितका वाढला तितका संशय वाढला.

परिस्थिती पालटली ती कार्यपद्धती पालटल्यावर. युनिसेफच्या साहाय्याने त्याच वस्त्यांतील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवण्यात आले. त्या ओळखीच्या होत्या आणि त्यांची स्वतःची मुले तेच थेंब घेत होती. त्या दारात बसत, आधी ऐकून घेत, मग बोलत. पोलिओच्या दोन थेंबांबरोबर जुलाब, स्वच्छता, इतर लसी या विषयांवरही त्या बोलू लागल्या, म्हणजे दवाखान्याविषयीच्या त्या रास्त प्रश्नाला निदान काही उत्तर मिळू लागले. मशिदींतून इमामांनी आवाहने केली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया इस्लामिया यांसारख्या संस्था मदतीला आल्या. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका दोन वर्षांच्या मुलीला झालेला पोलिओ हा देशातील निसर्गतः आढळणाऱ्या विषाणूचा अखेरचा रुग्ण ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. लस तीच होती आणि संदेशातले शब्दही जवळजवळ तेच होते. बदलले होते ते एवढेच, की ऐकणाऱ्याला उलट विचारण्याची सोय झाली होती.

तिसरा अडथळा या काळाचा आहे. तो म्हणजे अर्धा संदेश. त्याची कल्पना मात्र जुनीच. महाभारताच्या लोकपरिचित कथेत अश्वत्थामा गेला एवढे द्रोणाचार्यांना ऐकू येते आणि मेला तो त्या नावाचा हत्ती होता, हा उरलेला भाग शंखांच्या नादात बुडून जातो. जे ऐकू आले त्यात अक्षरशः खोटे असे काही नव्हते.

कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक छोटी चित्रफीत तयार केली होती. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांमधून मोटारसायकलवरून आलेले दोघे एका मुलाला उचलून नेतात. थोड्याच वेळात ते परततात, मुलाला सुखरूप खाली उतरवतात आणि एक फलक उघडून दाखवतात. मूल पळवायला क्षण पुरतो, लक्ष ठेवा, असा त्याचा आशय. कोणीतरी ही चित्रफीत कापली. मुलाला परत आणून सोडण्याचा भाग गेला, फलक गेला, उरले ते फक्त उचलून नेणे. २०१८ च्या सुमारास हा तुकडा भारतात राज्याराज्यांतून फिरला, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्याखाली त्या त्या भागाचे नाव होते. मुलांच्या रक्षणासाठी निघालेला संदेश आपला उत्तरार्ध गमावून परक्या माणसांवर उलटला.

त्या वर्षी देशाच्या अनेक भागांत अशाच अफवांनी माणसे मारली. महाराष्ट्रातील घटना धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे घडली. १ जुलै २०१८, रविवार, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या भागात काही दिवसांपासून भ्रमणध्वनींवर येत होते. त्या दिवशी तेथे पाच अनोळखी माणसे आली. ती सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील, भिक्षेवर निर्वाह करणारी. जमावाला संशय आला. त्यांना धरले, मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तेथेच जिवे मारले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगावी फिरणे हाच ज्यांचा जीवनक्रम, त्यांचे परकेपण हाच त्या दिवशी त्यांचा अपराध ठरला.

‘धरावे’चे ‘मारावे’ झाले ते असे. या कथेत कपटी आनंदीबाई शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. ज्यांनी ते संदेश पुढे पाठवले त्यांतील बहुतेक जण स्वतः आईबाप असतील. ‘खरे असो वा नसो, सावध केलेले बरे’ या विचारानेच त्यांनी बोट टेकवले असेल. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली आणि पुढे पाठवलेल्या संदेशांवर तशी खूण दिसू लागली. ती सुधारणा आवश्यकच होती. पण पुढे आलेल्या संदेशाला सांगणारा नसतो, ही अडचण तिने दूर होत नाही. पत्राला सही असते, वृत्तपत्राला संपादक असतो, चावडीवर दवंडी देणाऱ्याला गाव ओळखत असते. या संदेशाला ‘तुला हे कोणी सांगितले?’ असे विचारले, तर त्याच्यामागे तसाच दुसरा संदेश उभा असतो आणि त्याच्यामागे तिसरा.

मग उपाय काय? तो नवा नाही. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोत्यांसाठी एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील १५० गावे निवडली. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचे श्रोतृमंडळ स्थापन केले. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळी संध्याकाळी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, आणि तो संपल्यावर उठून जात नसत. ऐकलेल्यावर चर्चा होई. निमंत्रक चर्चेचा वृत्तान्त व गावकऱ्यांचे प्रश्न केंद्राकडे पाठवी, आणि त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची तपासणी केली. जेथे श्रोतृमंडळे होती त्या गावांतील लोकांच्या माहितीत मोठी भर पडलेली आढळली. जेथे नुसता रेडिओ होता आणि चर्चा नव्हती तेथे फारशी पडली नाही. १९५९ पासून ही मंडळे देशाच्या इतर भागांतही सुरू झाली.

रेडिओ हे एकतर्फी साधन. तरीही त्या १५० गावांत त्याला परतीची वाट करून दिली गेली, पोस्टाच्या पिशवीतून का होईना. आजचा भ्रमणध्वनी हे जन्मतःच दुतर्फी साधन आहे. उत्तर पाठवायला क्षणही लागत नाही. आणि तरी समाजाने त्याचा उपयोग एकतर्फी नळासारखा करावा, येईल ते पुढे सोडून द्यावे, हे विचार करण्यासारखे आहे. त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : परतीची वाट यंत्रात असून भागत नाही, ती माणसाच्या सवयीत असावी लागते.

आणि ही सवय लागते किंवा मोडते ती शाळेत आणि घरात. म्हणूनच हा विषय शाळेच्या हीरक महोत्सवात मांडण्याचे प्रयोजन आहे. माजी विद्यार्थ्यांना सूचनावही आठवत असेल. शिपाईमामा ती घेऊन वर्गावर्गांत फिरत, शिक्षक ती वाचून दाखवत, खाली सही करत आणि ‘काही शंका?’ असे विचारत. सूचना कोणाची, तारीख कोणती, सांगितली कोणी, हे सारे त्या एका पानावर असे. आज तीच सूचना वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर क्षणात पोहोचते आणि ती सोय मोठीच आहे. पण पावसाळ्यात सुट्टीचा मागील वर्षीचा आदेश, वरची तारीख कापलेला, नव्याने फिरू लागतो तेव्हा अर्धा वर्ग घरी बसतो आणि अर्धा भिजत शाळेत येतो. प्रसंग किरकोळ आहे, पण त्याची घडण राईनपाड्याच्या घटनेहून वेगळी नाही. अर्धा संदेश, सांगणारा अज्ञात, आणि विचारण्याचा कोणालाच धीर नाही.

येथे शाळांनी स्वतःचीही तपासणी करणे भाग आहे. ‘समजले का?’ या प्रश्नाला साठ मुलांनी एका सुरात ‘हो’ म्हणावे आणि ते ऐकून शिक्षकांनी समाधानाने धडा पुढे न्यावा, हे दृश्य कोणत्या शाळेत नाही? त्या साठांत ज्याला समजलेले नसते त्याला उभे राहण्याचा धीर होत नाही. घरीही ‘हे कोणी सांगितले? तुम्हाला कसे कळले?’ असे विचारणारे मूल चौकस ठरण्याऐवजी उद्धट ठरते. न विचारता मान डोलावण्याचे हे शिक्षण दहा-बारा वर्षे घेतलेल्या मुलाने मोठेपणी हाती आलेला संदेश तपासून पाहावा, ही अपेक्षा कोणत्या बळावर करायची? विचारण्याचा स्नायू बालपणी वापरला नाही, तर तो जमावासमोर ऐन वेळी कामाला येत नाही. राईनपाड्याच्या त्या बाजारात शेकडो माणसे होती. ‘थांबा, आधी यांना विचारू’ हे वाक्य उच्चारणाऱ्या आणि लावून धरणाऱ्या पुरेशा माणसांची तेथे गरज होती.

पालकांनी आणि शिक्षकांनी मिळून करण्याजोग्या गोष्टी तीनच आहेत. संदेश सांगणाऱ्याने तो ऐकणाऱ्याच्या कोशातल्या शब्दांत सांगावा आणि त्याला काय समजले ते त्याच्याच तोंडून एकदा ऐकावे. ऐकणारा विश्वास ठेवत नसेल, तर आवाज चढवण्यापूर्वी त्याच्या अविश्वासाचे कारण शोधावे, कारण पुष्कळदा त्याच्या मागे एक खरी जखम असते. आणि ज्या संदेशाला सांगणारा नाही, तारीख नाही, शेवट नाही, तो कितीही भल्या हेतूने आलेला असला तरी स्वतःपाशीच थांबवावा. पुढे पाठवणे हे नुसते पोहोचवणे नसते, ती त्या संदेशाखाली केलेली आपली सही असते.

साठ वर्षांत या शाळेने परमुलखात मराठी अक्षर शिकवले. ‘ध’ कसा काढावा आणि ‘मा’ कसा काढावा हे हजारो मुलांना हात धरून गिरवायला लावले. पुढील वर्षांत त्याच्या जोडीला आणखी एक धडा असावा. वर्गातील एखादे मूल उभे राहून ‘बाई, हे मला समजले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणेल, तेव्हा त्याला कोणी हसू नये आणि त्याच्यावर कोणी रागावू नये. तो प्रश्न विचारणारे मूल कधीतरी, कुठल्यातरी गर्दीत, एखाद्या निरपराध माणसाचा जीव वाचवील.